लार्कहोल्टची सहावी पायरी

कॉम्बली गावात बाकी सगळ्यांची चर्चा व्हायची ती त्यांनी काय काय बिघडवलं त्याची. रूबेन विक्सीची चर्चा मात्र त्यानं काय दुरुस्त केलं याची व्हायची, आणि ते कुणाला सापडायचं नाही म्हणून जास्तच रंगायची. रूबेन सुतार. त्याचा बाप ईलाय सुतार, ईलायचा बापही सुतार. विक्सींच्या घरात देवधर्म यथातथाच होता, पण कुळाचार एक कडक: सांधा दिसता कामा नये. "विक्सी येऊन गेला हे कळलं, तर विक्सी आलाच नव्हता असं समजा," असं ईलाय म्हणायचा आणि हे वाक्य बारशापासून मयतापर्यंत कुठंही ठोकून द्यायचा. चर्चमधल्या बाकाचा मोडका हात रूबेननं जोडला तो कुठं, हे त्या बाकालाही आठवत नसेल.

अशा माणसाचा उजवा हात सत्तरी उलटल्यावर थरथरायला लागावा, ही देवाची थट्टा अंमळ जास्तच झाली.

ही गोष्ट ठाऊक होती फक्त हेटीला, म्हणजे त्याच्या बायकोला. रूबेन गुत्त्यात सायडरचा पेला डाव्या हातानं उचलायला लागला. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "उजवा हात कामाचा आहे, त्याला दारूची सवय लावत नाही." लोक हसायचे. हेटी घरी त्याच्या शर्टाची बटणं लावून द्यायची आणि बोलायची काहीच नाही. हेटी काही बोलत नाही म्हणजे मामला गंभीर, हे गावातलं कुत्रंही सांगेल.

तशात लार्कहोल्टच्या जिन्याचं काम निघालं.

लार्कहोल्ट म्हणजे गावाबाहेरच्या उतारावरचं गार्थसाहेबांचं घर. हे गार्थसाहेब विसावं शतक लागतालागता लंडनहून आले. अंगात घरी विणलेला खरखरीत कोट, पायात चपला, बरोबर तसलेच चारसहा मित्र. यंत्रानं माणसाचं वाटोळं केलं, आता जे करायचं ते हातानं, अशी त्या मंडळींची शपथ होती. त्यांच्या चळवळीला आर्ट्स अँड क्राफ्ट्स म्हणतात हे गावाला पुढं पर्यटक यायला लागल्यावर कळलं. तोवर गाव त्यांना 'चपलावाले' म्हणायचं. गार्थसाहेबांना स्वतःला खिळा धड ठोकता येत नसे, अंगठा कायम काळानिळा. संध्याकाळी ते गावकऱ्यांना हिरवळीवर नाचायला बोलवायचे, आणि दिवसभर गवत कापून दमलेले गावकरी झुडपाआड लपायचे. पण माणसानं घर असं उभं केलं, की चेष्टेखोरांची जीभ उंबऱ्यातच अडखळावी. डोंगरातला मधाळ दगड, ओकच्या तुळया, लोहारानं घडवलेला एकेक कडीकोयंडा. चाकाच्या करवतीनं कापलेली एकही फळी या घरात येणार नाही, असं साहेबांनी चुलीवरच्या दगडात कोरूनच ठेवलं होतं. दोन माणसांनी खड्ड्यावर उभं राहून, वरखाली करवत ओढून जे लाकूड कापलं, तेवढंच आत आलं.

आणि तो जिना! जिन्याच्या सहाव्या पायरीशी एक खिडकी आहे, तिच्यातून सबंध दरी दिसते. गार्थसाहेब वर जाताना रोज तिथं थांबायचे. थांबून थांबून पायरीला मधोमध खड्डा पडला, बशीसारखा. घर बघायला येणारे लोक त्या खड्ड्यापाशी टोप्या काढायचे. दुसऱ्या महायुद्धात लष्करानं घर घेतलं होतं, तेव्हा अधिकाऱ्यांनी वरचा पियानो खाली आणताना जिन्यावर सोडला. तोही किस्सा गावाला पाठ: पियानोचे तुकडे झाले, जिन्याला ओरखडा नाही. "ओक तो ओक," असं म्हणून गाव दर वेळी एक घोट जास्त घ्यायचं.

गार्थसाहेब लढाईआधीच गेले होते, मागून त्यांची बहीणही गेली, आणि घर एका ट्रस्टच्या ताब्यात आलं. ट्रस्टनं देखरेखीला पाठवलं मिस ऑटलींना. चाळिशीची बाई, सायकलवर ताठ बसायची, लोकरीचे मोजे जून महिन्यातही. खुर्च्यांवर कुणी बसू नये म्हणून त्यांनी प्रत्येक खुर्चीवर एकेक काटेरी बोंड ठेवलं होतं. पोस्टमन एकदा सवयीनं बसला आणि आठवडाभर उभ्यानंच पत्रं वाटत हिंडला, असं गाव सांगतं. पोस्टमन ते नाकारतो, पण उभ्यानं.

तर या जिन्याची पाचवी पायरी किड्यानं पोखरून चिरली. मिस ऑटलींनी रूबेनला बोलावलं.

"मिस्टर विक्सी, फळी नवी घालावी लागेल."

"घालू की. अशी घालतो बाई, की तुम्हालाच शोधत बसावं लागेल."

"तेच तर नको आहे."

रूबेनला वाटलं, वयाबरोबर कानही गेले.

"नवी फळी नवी दिसली पाहिजे," बाई म्हणाल्या. "रंग देऊन जुनी करायची नाही, खोटी झीज काढायची नाही. सपाट, साधी, आणि कडेला यंदाचं साल कोरायचं. शंभर वर्षांनी कुणी पाहिलं तर त्याला खरं काय नि भर काय ते कळायला हवं. गार्थसाहेबांचंही हेच म्हणणं होतं. खोटं म्हातारपण आणू नका."

रूबेनचं तोंड उतरलं. त्याच्या मनात दुसरीच पाल चुकचुकली. साधी फळी? सपाट? बाईला कळलंय. हेटी बोलली. माझा हात गेला म्हणून बाई मला सोपं काम देतेय. साल कोरा म्हणे, शाळेतल्या पोरासारखं!

"बरं," तो म्हणाला. गावात 'बरं' या शब्दाचा अर्थ 'मुळीच नाही' असा होतो, हे मिस ऑटलींना ठाऊक नव्हतं. त्या परगावच्या.

घरी येऊन त्यानं हेटीला धरलं. "तू त्या मोजेवालीला काय सांगितलंस?"

"मी? मी तिला अंडी विकते, त्यात नवरा फुकट घालत नाही."

"मग तिला कसं कळलं?"

"कळलं असतं तर तुला जिन्याला हात लावू दिला असता का, खुळ्या?"

पण माणसाला अपमान हवा असला की तो कुठूनही मिळतो. संध्याकाळी रूबेन गुत्त्यात गेला आणि डाव्या हातानं जरा जास्तच पेले उचलून मोठ्यानं बोलून बसला. "रविवारी घर उघडं असतं. यावं सगळ्यांनी. एक पायरी नवी असेल. ओळखून दाखवा!"

गुत्तेवाला सायलस पुढं झाला. हा माणूस स्वतःच्या सासूच्या आजारावरही पैजा घेणारा. "आणि ओळखली तर?"

"तर सबंध गुत्त्याला सायडर माझ्याकडून."

"नाही ओळखली तर?"

"तर विक्सी अजून विक्सी आहे, एवढं तोंडानं म्हणायचं. तुला जड जाईल, पण म्हणायचं."

सगळे हसले. रूबेनही हसला. त्याचा उजवा हात कोटाच्या खिशात होता आणि तिथं किल्ल्यांचा जुडगा खुळखुळत होता, खिशात उंदीर शिरावा तसा.

झालं. आता मागं फिरायची सोय नव्हती. रूबेननं जुनं ओक शोधलं, पत्र्याचा तुकडा सहाव्या पायरीच्या खड्ड्यावर दाबून नेमका उतार उतरवून घेतला आणि तोच उतार पाचवीच्या नव्या फळीत काढायला बसला. सहावीपेक्षा अंमळ उथळ, कारण साहेब पाचवीवर थांबायचे नाहीत, नुसते जायचे. असला विचार तोच करू जाणे. पण हात! रंधा हातात आला की थरथर कमी व्हायची, पटाशी धरली की पुन्हा सुरू. कोपर बरगडीशी दाबायचं, श्वास धरायचा, एक छिलका काढायचा, थांबायचं. पूर्वी दुपारभरात जे व्हायचं त्याला आता दिवसच्या दिवस जात होते. हेटी चहा ठेवून जायची. पेल्यात अर्धाच चहा असायचा. पूर्वी ती काठोकाठ भरायची. रूबेनच्या ते लक्षात आलं आणि त्याला त्या अर्ध्या पेल्याचा इतका राग आला, की तो प्यायलाच नाही.

पण फळी झाली, आणि काय झाली! चहाचं पाणी, भिजवलेला गंज, मेण, सगळे बापाचे तोडगे वापरले. सायलसच्या बापालाही ओळखता आली नसती.

रविवारच्या आधी तो फळी घेऊन लार्कहोल्टला गेला. मिस ऑटली तालुक्याच्या गावी गेल्या होत्या, ते बघूनच गेला. जिन्याची पायरी वरून निघत नाही; जिन्याखालच्या फडताळात शिरून, पाठीवर निजून, खालचा गिलावा फोडायचा, पाचरी काढायच्या, मग फळी सुटते. रूबेन झाडू आणि बादल्यांच्या मधे आडवा झाला. पाचव्या पायरीखालचा गिलावा तेवढा अलगद काढायचा होता. त्यानं पटाशी लावली, हातोडा उचलला, आणि नेमक्या त्या क्षणी हातानं दगा दिला. घाव तिरपा बसला. पाचवीखालचा निघाला अर्धामुर्धा, सहावीखालचा गिलाव्याचा पापुद्रा सबंध निखळला आणि त्याच्या छातीवर आला.

रूबेननं आधी गिलावा थुंकला, मग शिवी. मग बॅटरी वर धरली.

पाचव्या पायरीच्या पोटावर सरळ ओरखडे होते, एकामागं एक, दोन माणसांनी ओढलेल्या करवतीचे. तसेच असायला हवेत. सहाव्या पायरीच्या पोटावर मात्र गोल होते. चंद्रकोरीसारखे, एकात एक. चाकाच्या करवतीचे.

गार्थसाहेबांच्या घरात, ज्या पायरीपाशी लोक टोप्या काढतात तिच्या पोटाला, यंत्राची करवत!

त्यानं बॅटरी कडेला फिरवली. फळी पक्की करणाऱ्या पाचरी ओकच्या नव्हत्या. तांबूस, दाट लाकूड. रूबेननं आपल्या हातातल्या लाकडी हातोड्याकडं बघितलं. तेच लाकूड. विक्सींच्या परसातलं सफरचंदाचं झाड वादळात पडलं, तेव्हा ईलायनं त्याचा चुलीत एक तुकडा जाऊ दिला नव्हता. मरेपर्यंत त्याचेच हातोडे नि त्याच्याच पाचरी करत होता. आणि प्रत्येक पाचरीचं एक टोक तिरपं छाटलेलं. असं छाटणारा माणूस या मुलखात एकच झाला, आणि तो चर्चच्या मागं निजला आहे.

जेवणाच्या वेळी हेटी पाव, चीज आणि व्हिनेगरमधले कांदे घेऊन आली, तेव्हा फडताळातून दोन पाय बाहेर आलेले आणि बाकी शांतता.

"मेलास का?"

"हेटी, आत ये."

"या वयात? लोक काय म्हणतील?"

"ये ग."

आवाज ऐकून ती गुडघ्यांवर बसली, वाकली, बघितलं. तिला करवतीतलं काही कळत नव्हतं, पण पाचरी तिनं लगेच ओळखल्या. त्या झाडाची सफरचंदं तिनं लग्नाआधी चोरली होती.

"ही बाबांची पायरी आहे," रूबेन म्हणाला. "गार्थची नाही. बाबांची. मी चाळीस वर्षं या जिन्यानं वरखाली करतोय. बाबांनी या घरात हयात घालवली, आणि त्यांनी केलेलं हे म्हणून बोट ठेवावं अशी एक वस्तू मला ठाऊक नव्हती. इतकं चांगलं करून ठेवलं त्यांनी. कितीदा शोधलं मी."

हेटीनं मान वाकवून सहावीच्या पोटाकडं पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "म्हणजे तो बूट!"

"कसला बूट?"

"लढाईत तू इटलीत होतास. तुझी पत्रं बंद झालेली. तुझा बाप अंगणात बसून एका फळीवर बूट घासायचा. हातात बूट घालून, खाली ओली वाळू, आणि घास घास घासायचा. मी भिंतीवरून बघायचे. आईला म्हटलंही, ईलायकाकांना लेकाच्या काळजीनं वेड लागलं. विचारलं तर म्हणायचे, गप ग पोरी, एका बाईच्या पायासाठी करतोय."

"कुठल्या बाईच्या?"

"तेव्हा मी भलतंच समजले. गावात चार जणींना सांगितलंही," हेटी म्हणाली, आणि पहिल्यांदाच थोडी ओशाळली. "पण लढाईनंतर मी इथं कपडे धुवायला यायचे ना? साहेबांची बहीण, गार्थबाई, तेव्हा परत आल्या. त्यांची नजर लढाईआधीच गेलेली. भिंतीला हात लावून जिना चढायच्या. सहाव्या पायरीवर पाय त्या खड्ड्यात गेला की थांबायच्या, खिडकीकडं तोंड करून. दिसायचं काही नाही. म्हणायच्या, भाऊ इथंच उभा राहायचा. मग वर जायच्या."

म्हणजे पियानो पडला तेव्हा जिन्याला ओरखडा नाही, पायरीच मोडली होती. आणि लढाईच्या टंचाईत मिळेल ती फळी आणून, आंधळ्या म्हातारीच्या पावलाला भाऊ सापडावा म्हणून ईलायनं तिच्यात खड्डा झिजवला होता. एका शब्दानं कुणाला सांगितलं नाही.

रूबेन फडताळातून बाहेर आला आणि आपल्या फळीकडं बघत बसला. सुरेख खोटा खड्डा. बापाच्या खोट्या खड्ड्यावरूनच उतरवलेला. बापानं केला तो गार्थबाईसाठी. हा कुणासाठी? सायलससाठी.

"चहा आणलायस?" त्यानं विचारलं.

"आणलाय."

"भरून दे. सांडला तर सांडला."

मिस ऑटली परत आल्या तेव्हा जिन्याखाली भुगा, गिलावा, आणि पायरीवर नवराबायको कांदे खात बसलेली. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. पण रूबेननं त्यांना सगळं सांगितलं: फसवायला निघालो होतो, पैज लावली होती, हात थरथरतो. शेवटचं सांगताना त्यानं हात पुढं धरून दाखवला. बाईंनी तो हात बघितला, मग मोज्यांसकट फडताळात शिरल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा केसांत गिलावा होता.

"मी दर रविवारी लोकांना सांगते, की इथला कण न् कण मूळचा आहे," त्या म्हणाल्या. "आता काय सांगू?"

"तुम्हीच म्हणता ना, खरं काय नि भर काय ते कळलं पाहिजे?"

"तर मग सहावीवरही साल कोरायचं. तुमच्या वडलांचं नाव."

"नाही बाई." रूबेननं मान हलवली. "माझ्या पायरीवर कोरतो. त्यांच्या नाही. त्यांना ते नको होतं. तुम्ही तोंडानं सांगा हवं तर."

"नियमात बसत नाही," मिस ऑटली म्हणाल्या. केसांतला गिलावा झटकत म्हणाल्या, "बरं." आणि या वेळी त्यांनी तो शब्द कॉम्बलीच्या अर्थानं वापरला नव्हता, खरंच नाव कोरलं नाही.

राहता राहिली फळी. दुसरं ओक आणायला वेळ नव्हता. रूबेननं सरळ फळी उलटी केली. सपाट पोट वर, खड्डा खाली. वरची बाजू रंध्यानं ताजी पांढरी काढली, कडा नव्यानं गोल केली, पाचरी ठोकल्या. "आणखी शंभर वर्षांनी जो सुतार हे उघडेल ना," तो हेटीला म्हणाला, "तो म्हणेल, या गावची माणसं छताला पाय लावून चालायची." मग पायरीच्या दर्शनी कोपऱ्यात साल कोरायला बसला. हेटी म्हणाली, मी मनगट धरते. तो म्हणाला, नको. एकचा आकडा सरळ गेला. नऊची शेपटी लांबली. दोन्ही आठ तर असे उतरले, की एक दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून झोपलाय असं वाटावं.

रविवारी अख्खा गुत्ता जिन्यापाशी जमला. सायलस सगळ्यांत पुढं, डोळ्याला भिंग लावून. भिंग लागलंच नाही. ओकच्या काळ्या जिन्यात पाचवी फळी दुधाच्या दातासारखी उठून दिसत होती, आणि वर तारीख.

"रूबेन! अरे, आंधळ्यालाही दिसेल हे!"

"आंधळ्याला सहावी दिसेल," रूबेन म्हणाला. "पाचवी बाकीच्यांसाठी आहे. चल, सायडर माझ्याकडून."

कुणाला काही कळलं नाही, पण सायडरमध्ये कळायचं काय असतं?

तेवढ्यात लंडनहून आलेली एक टोपीवाली बाई खाली वाकली आणि त्या आकड्यांवरून बोट फिरवायला लागली. "काय जिवंत रेषा आहे! यंत्राला हे कधी जमायचं नाही. किती मुक्त हात!"

गावानं रूबेनकडं बघितलं. तो आता हो म्हणेल आणि भाव खाईल, अशी सगळ्यांची खात्री. संधी पुढ्यात वाढून आली होती.

"मुक्त नाही बाई, थरथरता," तो म्हणाला. "गेली दोन वर्षं थरथरतोय. घट्ट धरून बघितलं, ऐकत नाही." आणि सगळ्यांदेखत त्यानं उजवा हात खिशातून काढून कठड्यावर ठेवला.

गाव गप्प झालं. कॉम्बलीत असं फार क्वचित होतं आणि फार वेळ टिकत नाही. सायलसनं घसा खाकरला. "तरीच म्हटलं, लेकाचा डाव्या हातानं पितो. मला वाटलं, उजव्याची उधारी झाली म्हणून." हशा पिकला, त्यात रूबेनचाही होता. सायलस मात्र जाता जाता हळूच म्हणाला, "विक्सी अजून विक्सी आहे." त्याला ते जड गेलं. पण म्हणाला, एवढं खरं. नंतर कधीच कबूल केलं नाही.

त्यानंतर रूबेननं मोठं काम घेतलं नाही. रविवारी लार्कहोल्टला जायचा, कडीकोयंड्यांना तेल घालायला म्हणून. मिस ऑटली लोकांना सहाव्या पायरीशी आणून भावाची, बहिणीची आणि ईलाय विक्सीची गोष्ट सांगायच्या. दर रविवारी ती थोडी लांबत गेली, कारण मधे हेटी तपशील पुरवायची. लोक पुढं गेले की रूबेन मागून जिना चढायचा, सहावीवर पाय खड्ड्यात टेकायचा आणि खिडकीपाशी थांबायचा. घाई नसायची. खाली हेटी ओरडायची, "अरे तेल वरच्या कड्यांना आहे, दरीला नाही!" तरी तो हलायचा नाही.

मिस ऑटलींच्या नियमाप्रमाणे पायरीवर असं उभं राहायला मनाई आहे, झीज होते म्हणून. पण तेवढ्यापुरतं त्या पलीकडच्या खोलीत खुर्च्यांवरची बोंडं सारखी करायला जायच्या.